दृश्यपटलीय अक्षररचना

दृश्यपटलीय अक्षररचना : संगणक, भ्रमणध्वनी व तत्सम उपकरणांच्या पडद्यावर अक्षरे, चिन्हे, रंग आणि मोकळी जागा यांची वाचकाच्या सोयीसाठी केलेली मांडणी. ग्रंथाचे पान एकदा छापले की स्थिर होते. पडद्यावरचे पान मात्र वाचकाच्या बोटाखाली सरकते, पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपला आकार बदलते आणि पुढे काय करावयाचे हेही सुचविते. त्यामुळे या रचनेत वाचनीयतेबरोबरच ‘कोठे बोट ठेवावयाचे’ या प्रश्नाचाही विचार करावा लागतो. संकेतस्थळे आणि मोबाइलवरील ॲप यांच्या प्रसारामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या कलेला स्वतंत्र स्थान मिळाले. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मुख्यतः देवनागरी लिपीच्या, त्यातही मराठीच्या अंगाने केला आहे. कारण या कलेतील बहुतेक तंत्रे रोमन लिपीच्या मापाने घडली आणि ती मराठीस लागू करताना अक्षराला चौकटीत बसवावे की चौकट अक्षराप्रमाणे करावी, हा वाद वारंवार उपस्थित झाला.

हा वाद संगणकापेक्षा बराच जुना आहे. बाळशास्त्री जांभेकर यांच्या दर्पण या पत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजीचा व दुसरा मराठीचा. एकाच पानावर दोन लिप्या शेजारी नांदविण्याचा हा मराठी पत्रसृष्टीतील पहिला प्रयोग होय. पुढे १८६४ मध्ये रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी नेटिव्ह ओपिनियन हे साप्ताहिक मुंबईस काढले. तेही इंग्रजी-मराठी होते. मंडलिकांचा जन्म १८३३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड या गावी झाला. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील हे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे अधिक परिचित असले, तरी द्विभाषिक पत्राच्या इतिहासात त्याचे नाव मंडलिकांमुळे घ्यावे लागते. दोन लिप्यांचे पान जुळविताना येणारी अडचण अशी : रोमन अक्षरे एका मापात बसतात. त्यांतील काहींचे दांडे थोडे वर जातात, काहींचे थोडे खाली येतात, एवढेच. देवनागरीचे मात्र तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, शिरोरेषेच्या वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालच्या मजल्यावर उकार, ऋकार, पायमोड व जोडाक्षराचा लोंबता भाग. मजकुराची उंची दोन्हीकडे सारखी ठेवली, तर देवनागरीचे मूळ अक्षर रोमन अक्षराच्या मानाने खुजे दिसते; मूळ अक्षरे सारखी ठेवली, तर देवनागरी ओळींना अधिक जागा लागते आणि स्तंभ जुळत नाहीत. आजच्या द्विभाषिक संकेतस्थळाची रचना करणारास हीच अडचण येते.

मुंबईच्या खिळेकारांनी ती आपल्या परीने सोडविली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. तेथे अक्षर हाताने लिहिलेले असल्याने मजल्यांचा प्रश्न येत नव्हता. खिळ्यांच्या छपाईत तो आला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला. राणोजी रावजी आरू यांनी तेथे कोरलेल्या अक्षरांचे वळण पुढे कित्येक दशके मराठी व संस्कृत ग्रंथांचे प्रमाण मानले गेले. या पद्धतीत जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची पेटी असे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम याच्या लहानशा अंशात भागे.

खिळ्यांची ही संख्या कमी करण्याचे प्रयत्न रत्नागिरी जिल्ह्याशी संबंधित दोन व्यक्तींनी केले, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव हे मुरुडप्रमाणेच दापोली तालुक्यातले. केसरीच्या छपाईसाठी कमी खिळ्यांत भागेल असा संच तयार करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिपिशुद्धीची चळवळ चालविली. अि, अी, अु अशी ‘अ’ची बाराखडी हा तिचा एक भाग होता. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्याचा ठराव केला, पण वाचकांच्या डोळ्यांना तो रुचला नाही व काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. या सर्व सूचनांमागील भूमिका यंत्रास अनुकूल अशी होती. हेतू प्रामाणिक होता आणि काळाची निकडही खरी होती. परंतु प्रत्येक वेळी तडजोड अक्षराने करावी, अशीच अपेक्षा होती. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर लिहिलेला, महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ हा या साऱ्या प्रयत्नांचा सर्वांत विस्तृत आलेख होय. तो प्रसिद्ध झाला त्या सुमारास पश्चिमेकडे खिळ्यांचे युग संपत आले होते.

पडद्यावरील चित्रमय मांडणीचा आरंभ झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. तेथील आल्टो हा संगणक १९७३ मध्ये तयार झाला. १९८१ मध्ये त्याच कंपनीचा स्टार व १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला. कागद, फाइल, कचऱ्याची टोपली अशा कचेरीतील वस्तूंची चित्रे पडद्यावर मांडून त्यांवर खूण करण्याची पद्धत या यंत्रांनी रूढ केली. मॅकिंटॉशवरील चित्रे सुझन केअर यांनी चौकटीच्या कागदावर एकेक घर काळे करीत आखली. भरतकामाचा नमुना काढणाऱ्या स्त्रीस ही रीत अपरिचित वाटणार नाही.

याच काळात कचेऱ्यांतून पसरलेल्या सामान्य वैयक्तिक संगणकाचा पडदा मात्र ऐंशी स्तंभ व पंचवीस ओळी अशा घरांत विभागलेला असे. एका अक्षराचे घर आठ ठिपके रुंद आणि आठ ते सोळा ठिपके उंच. सोळा ठिपक्यांपैकी आठ मूळ अक्षरास दिले, तर वर चार आणि खाली चार उरतात. वरच्या चार ठिपक्यांत एक ठिपका जाडीची रेघ व तिच्याखाली एक ठिपका मोकळा सोडावा, तर दोनच गोष्टी बसतात. ‘दुर्दैव’ या शब्दातील ‘र्दै’ या एका अक्षरावर दोन मात्रा आणि रफार असतो. ‘कीर्तींचे’ यातील ‘र्तीं’वर वेलांटी, रफार व अनुस्वार असे तिन्ही येतात. अशा अक्षरांचा पडद्यावर गोळा होई आणि वाचक संदर्भाने ती ओळखी. या मर्यादेतही भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोलाचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले व १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. भारतीय लिप्यांची सामाईक सांकेतिक प्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तीत अक्षराचा उच्चारक्रम साठवून त्याचे दृश्य रूप यंत्राने घडवावे, असे तत्त्व होते. क्, ष आणि काना साठवले की ‘क्षा’ पडद्यावर उमटावा. खिळ्यांच्या पेटीतील शेकडो घरांचा प्रश्न या तत्त्वाने मुळातूनच सुटला. टिळकांच्या वेळी तो सुटण्यासारखा नव्हता.

१९९३ मध्ये आलेल्या मोझेइक या न्याहाळकामुळे महाजालावर चित्र व मजकूर एकत्र दिसू लागले आणि संकेतस्थळांच्या रचनेस चालना मिळाली. १९९६ मध्ये शैलीपत्रकांची प्रमाणपद्धती ठरली. तीमुळे मजकूर एकीकडे व त्याचे रूप दुसरीकडे असे विभाजन शक्य झाले; रंग, समास, ओळींतील अंतर या गोष्टी एका ठिकाणी लिहून सर्व पानांस लावता येऊ लागल्या. मराठी वृत्तपत्रे याच दशकाच्या अखेरीस महाजालावर आली. तेथे मात्र खिळ्यांच्या पेटीतला गोंधळ नव्या रूपाने परत आला. प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट वेगळा, त्यातील अक्षरांचे क्रमांक वेगळे. वाचकाने आधी तो फॉन्ट उतरवून घ्यावा आणि मग बातमी वाचावी. फॉन्ट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक माळ दिसे. एका पत्रातील मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की तो वाचता येत नसे आणि शोधयंत्रांना त्यात मराठी शब्द सापडतच नसत. मराठीत त्या काळी महाजालावर जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग आज वाचता येत नाही, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

यावर उपाय युनिकोड या जागतिक प्रणालीने केला. १९९१ मधील तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस १२८ स्थानांचा विभाग मिळाला होता. पण संख्या मिळाल्याने अक्षर दिसत नाही, त्यासाठी फॉन्ट आणि जोडाक्षरे घडविणारी यंत्रणा दोन्ही लागतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला व सामान्य माणसाच्या संगणकावर मराठी दिसू लागली. त्याचे रचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार, कवी व अध्यापक होते. जाहिरातक्षेत्रातील दीर्घ अनुभवानंतर ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. लक्ष्मण श्रीधर वाकणकर (१९१२–९६) यांच्याप्रमाणे त्यांचीही भूमिका अशी होती, की भारतीय लिपीचे मर्म बोरूच्या टोकात आहे. यंत्राने त्या वळणाचा मान राखला पाहिजे. मंगल हा फॉन्ट पडद्यावरील कमी ठिपक्यांसाठी घडविलेला आहे. त्याची अक्षरे मोकळी, रेघा सरळ व पोकळ्या मोठ्या आहेत. छापील कागदावर तो रुक्ष दिसतो, अशी टीका झाली व ती चुकीची नाही. परंतु ज्या पडद्यासाठी तो होता, त्यावर तो वाचता येत होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया प्रारंभीच्या वर्षांत असंख्य वाचकांनी याच अक्षरांत वाचला.

मराठीचे काही खास प्रश्न यानंतरही राहिले, कारण देवनागरी म्हणजे हिंदीची देवनागरी, असे रचनाकारांनी गृहीत धरले होते. त्यांपैकी अर्धा र, म्हणजे ‘ऱ्’, हा सर्वांत महत्त्वाचा. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक तर विद्वान व स्वयंपाकी यांतील फरक आहे. हिंदीस हे चिन्ह लागत नाही. युनिकोडमध्ये त्याची सोय केलेली असली, तरी अनेक फॉन्टांतून व कळफलकांतून ते वगळलेले असे, आणि लिहिणारा नाइलाजाने रफार देऊन मोकळा होई. ज्या किनारपट्टीस एका बाजूस दर्या आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या दऱ्या आहेत, तेथील वाचकास ही उणीव क्षुल्लक वाटणे शक्य नव्हते. दुसरा प्रश्न ‘ॲ’चा. बँक, कॅमेरा यांसारख्या शब्दांत चंद्र व्यंजनावर येतो, त्याची सोय होती. शब्दारंभीचा ‘ॲ’ मात्र युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. तोवर ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढविला जाई. दोन्ही रूपे दिसावयास सारखी, पण साठवणीत वेगळी असल्याने एका रूपाने शोधले असता दुसरे सापडत नसे. ‘ॲप’ हा शब्दच अशा रीतीने काही काळ दोन प्रकारे साठविला जात होता. तिसरा प्रश्न ‘ल’ व ‘श’ यांच्या वळणाचा. मराठी शाळांत शिकविला जाणारा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे हिंदी वळणाच्या फॉन्टांत नसत. पहिलीतील मूल पाटीवर एक अक्षर गिरवी आणि पडद्यावर दुसरे पाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे प्रमाणित केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय सुधारून पुन्हा काढला. हल्लीच्या फॉन्टांत भाषेची खूण वाचून त्या भाषेचे वळण दाखविण्याची सोय असते. एकच फॉन्ट हिंदी मजकुरात एक ‘ल’ व मराठी मजकुरात दुसरा ‘ल’ दाखवू शकतो. पानाच्या सांकेतिक भागात ‘भाषा : मराठी’ असे नोंदविले नसेल, तर मात्र ही सोय असून नसल्यासारखी होते. अनेक संकेतस्थळांवर ही एका शब्दाची नोंद करावयाची राहून गेलेली असते.

भ्रमणध्वनीने पडदा लहान केला आणि वाचकवर्ग अनेकपट वाढविला. प्रारंभीच्या लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत, तर देवनागरीत लिहिल्यास केवळ ७०, आणि त्यांतही काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जात. मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय तरुण पिढीस लागली, ती आळसापेक्षा या हिशेबामुळे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. २००७ मध्ये आयफोन व पुढच्या वर्षी अँड्रॉइड प्रणालीचे फोन आले. अँड्रॉइडवर देवनागरी नीट जुळून दिसण्याची व्यवस्था २०११ च्या सुमारास झाली. त्यापूर्वी मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पुढे गुगल कंपनीने जगातील सर्व लिप्यांसाठी जे फॉन्टकुल तयार करविले, त्याचे ‘नोटो’ हे नाव हे चौकोन पुन्हा दिसू नयेत या इच्छेवरूनच पडले आहे. २०१० मध्ये आयफोनच्या पडद्याची घनता एका इंचात ३२६ ठिपके इतकी झाली. पहिल्या आयफोनच्या ती दुप्पट होती. रोमन लिपीस यामुळे सौंदर्य लाभले, देवनागरीस वाचनीयता लाभली. वरच्या मजल्यावरील चार ठिपक्यांचे बंधन सुटले आणि रफार, वेलांटी व अनुस्वार पुन्हा वेगवेगळे दिसू लागले.

याच वर्षी, १५ जुलै २०१० रोजी, भारत सरकारने रुपयाचे चिन्ह स्वीकारले. त्याचे रचनाकार डी. उदयकुमार हे आयआयटी मुंबईच्या उपर्युक्त केंद्राचेच विद्यार्थी. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा मेळ आणि वर शिरोरेषेची आठवण देणारी आडवी रेघ, अशी त्याची रचना आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचा युनिकोडमध्ये समावेश झाला. देवनागरीच्या घडणीतून निघालेले आणि जवळजवळ प्रत्येक भारतीय फोनवर दिवसातून अनेकदा दिसणारे असे दुसरे चिन्ह क्वचितच असेल.

रचनेचे प्रवाह आणि देवनागरी : गेल्या दोन दशकांत या कलेत जे प्रवाह आले, त्यांपैकी प्रत्येकाचा देवनागरीवर वेगळा परिणाम झाला. पहिला प्रवाह वस्तुसदृश रचनेचा. टिपणवहीस चामड्याचे कव्हर, कळीस उंचवटा व छाया, पुस्तकांस लाकडी फळी. नव्याने फोन हाती घेणाऱ्यास ही रीत उपयोगी होती. उंच दिसणारी कळ दाबावयाची असते, हे सांगावे लागत नाही. २०१० मधील विंडोज फोन व २०१३ मधील आयफोनची सातवी प्रणाली यांनी सपाट रचनेचा पुरस्कार केला. छाया, उंचवटे गेले. एकरंगी पृष्ठभाग व बारीक अक्षरे आली. बारीक रोमन अक्षर मोठ्या आकारात नाजूक दिसते. देवनागरीत मात्र सलग शिरोरेषा हीच शब्दास बांधून ठेवते. ती फिकट झाली, तर ओळ विसकटते. शिवाय फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर ठेवण्याची त्या काळी जी टूम निघाली, ती वातानुकूलित कचेरीत बसून निघालेली होती. हर्णै बंदरावर माशांच्या लिलावाच्या वेळी भर उन्हात फोन पाहणाऱ्यास असा मजकूर दिसत नाही. सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या तेजाचे प्रमाण किमान ४·५ : १ असावे, हा २००८ मधील आंतरराष्ट्रीय निकष मुख्यतः अधू दृष्टीच्या वाचकांसाठी असला, तरी कोकणच्या उन्हात तो सर्वांनाच लागू पडतो. २०१९ पासून दोन्ही प्रमुख फोनप्रणालींत आलेल्या काळ्या पार्श्वभूमीच्या रचनेत याच्या उलट घडते. पांढरी अक्षरे काळ्यावर फुगल्यासारखी दिसतात आणि ‘ध’, ‘थ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून तेथे किंचित हलक्या वजनाचा फॉन्ट वापरणे इष्ट असते.

दुसरा प्रवाह लवचिक रचनेचा. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपले स्तंभ बदलते. भिंतीएवढ्या पडद्यावर तीन स्तंभ, फोनवर एक. दर्पणपासून चालत आलेला शेजारशेजारच्या स्तंभांचा प्रश्न येथे निराळे रूप घेतो, कारण फोनवर दोन भाषा शेजारी ठेवणे शक्यच नसते. एक निवडावी लागते. भाषा बदलण्याची कळ कोठे असावी, हा वरवर लहान दिसणारा निर्णय त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. ती पानाच्या तळाशी इंग्रजीत लिहिलेली असेल, तर ज्याला तिची गरज आहे त्यालाच ती सापडत नाही. कळीवर ‘मराठी’ हा शब्द देवनागरीतच असावा आणि ती वरच्या कोपऱ्यात असावी.

लहान पडद्यावर मराठी शब्दांची लांबीही भेडसावते. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामास जोडूनच लिहिली जात असल्याने ‘वापरकर्त्यांसाठीच्या’ यासारखा एकच शब्द कळीची सारी रुंदी व्यापतो. यंत्र अशा वेळी शब्द मध्येच तोडून तीन टिंबे देते, आणि प्रत्यय कापला गेला की अर्थच जातो. यावर उपाय म्हणजे कळीवरील मजकूर भाषांतरित न करता मराठीत मुळातून लिहिणे : ‘पुढे’, ‘मागे’, ‘रद्द करा’, ‘पाठवा’ हे शब्द कोणत्याही इंग्रजी शब्दाइतकेच आटोपशीर आहेत. साच्यात नाव भरून तयार होणाऱ्या वाक्यांचेही असेच. ‘मुरुड’ला ‘मध्ये’ जोडता येते, पण त्याच साच्यात ‘पुणे’ भरले की ‘पुणे मध्ये’ असे मराठीस न शोभणारे रूप निघते. ‘पुण्यात’ हे यंत्रास ठाऊक नसते. रचनाकाराने ‘ठिकाण : पुणे’ अशी मांडणी केली, तर व्याकरणाची अडचण दृश्य रचनेनेच टळते.

महत्त्व दर्शविण्याची रोमन लिपीतील साधने देवनागरीस उपयोगी पडत नाहीत, ही गोष्टही पुष्कळ उशिरा लक्षात आली. देवनागरीत मोठी व लहान अशी अक्षरांची दोन रूपे नाहीत. तिरपे अक्षर आपल्या लेखनपरंपरेत नाही. यंत्राने ते तिरपे केले, तर काना पडत्या भिंतीसारखा दिसतो. अक्षरांतील अंतर वाढविण्याची क्लृप्ती केली, तर शिरोरेषा तुटते व शब्दाचे तुकडे होतात. दुव्याखाली रेघ मारली, तर उकार कापले जातात आणि शब्द दोन रेघांच्या मध्ये कोंडल्यासारखा दिसतो. उरतात ती साधने म्हणजे वजन, आकार, रंग आणि मोकळी जागा. मराठी नाटकांच्या जाहिराती व मासिकांची शीर्षके यांसाठी अक्षरलेखन करणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे काम पाहिले असता एवढ्याच साधनांत किती विविधता साधता येते, ते कळते. त्यांच्या शीर्षकात नाटकाची प्रकृती अक्षराच्या वळणातूनच प्रकट होई. पडद्यावरील मराठीने या परंपरेकडून अद्याप फारसे घेतलेले नाही.

चित्रचिन्हांबाबतही सावधगिरी लागते. संगणकावर ‘जतन करा’ यासाठी चौकोनी चकतीचे चित्र वापरले जाते. ती चकती आजच्या विद्यार्थ्याने पाहिलेलीही नसते. घराच्या चिन्हास पुष्कळदा धुराडे असते, कोकणातील कौलारू घरास ते नसते. एकाखाली एक तीन आडव्या रेघा म्हणजे यादी, हा संकेत नॉर्म कॉक्स यांनी १९८१ मध्ये स्टार संगणकासाठी योजला आणि फोनवर तो पुन्हा प्रचारात आला. पण प्रथमच पाहणाऱ्यास त्यातून काहीही बोध होत नाही. अशा चिन्हाखाली एक मराठी शब्द लिहिल्याने जागा थोडी जाते, परंतु वाचक अडत नाही.

गुगलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या मटेरियल या रचनापद्धतीच्या मार्गदर्शिकेत जगातील लिप्यांचे तीन वर्ग केले गेले. त्यांपैकी ‘उंच’ लिप्यांच्या वर्गात हिंदी, तेलुगू, थाई इ. भाषा घालून त्यांसाठी ओळीची उंची अधिक ठेवावी, असे सांगितले होते. मोठ्या उद्योगाने अक्षर कापण्याऐवजी चौकट वाढविण्याचे मान्य केल्याचे हे ठळक उदाहरण होय. रोमन मजकुरास अक्षराच्या आकाराच्या सुमारे सव्वा ते दीडपट ओळ पुरते. मराठीस दीडपटीहून थोडी अधिक लागते, व ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्रकूट’ यांसारखे खाली उतरणारे शब्द असतील तर ती पावणेदोनपटीपर्यंत न्यावी लागते. कळीची आतील जागा वर-खाली सारखी ठेवली, तरी मराठी शब्द मध्यभागी वाटत नाही. कारण डोळा मध्य धरतो तो शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचा, वेलांटीच्या माथ्यापासूनचा नव्हे. कुशल रचनाकार म्हणून अक्षर एक-दोन ठिपके वर-खाली सरकवून पाहतो.

फॉन्ट पानाबरोबरच पाठविण्याची पद्धती २०१२ मध्ये प्रमाणित झाल्यावर वाचकाने फॉन्ट उतरवून घेण्याची गरज संपली आणि देवनागरी अक्षररचनेस नवे क्षेत्र मिळाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेले मुक्त व बलू हे फॉन्ट विनामूल्य उपलब्ध असून ते भारतभर संकेतस्थळांवर आढळतात. पैकी मुक्त हा लांब मजकुरासाठी आहे. त्याच्या अनेक वजनांमुळे शीर्षक, उपशीर्षक व मजकूर एकाच कुलातून साधता येतात आणि देवनागरी व रोमन अक्षरे एकमेकांच्या मापाने आखलेली असल्याने दोन्ही लिप्या एका ओळीत आल्या, तरी कोणतीही एक खुजी दिसत नाही. बलू गुबगुबीत वळणाचा असून तो शीर्षकांसाठी योग्य आहे. बातमीच्या मजकुरास तो वापरलेला दिसतो तेव्हा मात्र वाचकाच्या डोळ्यांस शीण होतो. देवनागरी फॉन्टाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण अशी, की जोडाक्षरांमुळे त्याचा भार रोमन फॉन्टाच्या कित्येक पट असतो. जेथे जोडणी क्षीण असते, तेथे पान आधी उपकरणातील फॉन्टात दिसते आणि क्षणभराने नव्या फॉन्टात बदलते. ओळी वर-खाली हलतात व वाचक वाचत असलेला शब्द हरवतो. त्यामुळे किनाऱ्यावरील व डोंगराळ भागांतील वाचकांसाठी पान तयार करताना अनेक रचनाकार उपकरणात आधीपासून असलेल्या फॉन्टावरच भागवितात आणि वेगळा फॉन्ट केवळ शीर्षकापुरता, तोही त्यात लागणाऱ्या अक्षरांपुरता छाटून पाठवितात.